आत्याच्या श्रीखंडात बोट

देवानंसुद्धा नैवेद्याला शिवण्याआधी हात धुवावेत असं मानणारी बाई अख्ख्या मुदखेडात एकच आहे, आणि ती माझी सख्खी आत्या आहे, हे मी कुठंही छाती फुगवून सांगतो. स्टेशनरोडवर तिचं दह्या-ताकाचं दुकान आहे. तिथली भांडी उकळत्या पाण्यातून निघतात आणि कामाला येणारी माणसं नखं दाखवूनच आत जातात. तिला सोवळेकरीण मात्र समजू नका. ती कुणाच्याही घरी पोटभर जेवते, फक्त आधी स्वयंपाकघरात डोकावून येते. लाईट गेली की फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसते, मग आमदार आला तरी दार उघडत नाही. एकदा अशीच लाईट गेली असताना भर उन्हात माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, गार ताक मागितलं, तर तिनं त्यांना समोरच्या रसवंतीवर धाडलं. कुणी फार हसलं तर म्हणते, "जंतू दिसत न्हाईत म्हणून नसतात व्हय?"

तिच्या एकुलत्या लेकीचा साखरपुडा ठरला. मुलगा धर्माबादचा, आत्याच्या मनात पुरता भरलेला. श्रीखंड अर्थातच घरचं. आमच्याकडं बुजुर्गानं पातेल्यात बोट घालून चव पाहावी, हा मानच असतो. मुलाच्या चुलत्यांनी तो आपणहून घेतला. बोट बुडवलं, चाटलं आणि खूश होऊन पुन्हा बुडवलं. आत्यानं मुकाट्यानं पातेलं उचललं आणि परसातल्या खड्ड्यात रिकामं केलं. चुलते लालबुंद झाले, पाहुणे उठायला लागले. सोयरीक मोडली म्हणून आत्याच्या यजमानांनी कपाळावर हात मारला. आत्या हात जोडून चुलत्यांना म्हणाली, "भाऊ, तुमचा मान माझ्या डोक्यावर. पण जे मी गिऱ्हाइकाला देत न्हाई, ते पाहुण्याला कसं वाढू?"

शेवटी मुलाची आईच पुढं झाली. म्हणाली, अशा आईची लेक आम्हाला पाहिजेच, पोळीसंगं गूळ वाढा. चुलतेही फुगलेल्या तोंडानं पंगतीला बसले, पण आधी साबण मागून. मला त्या दिवशी आत्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही.

लग्न थाटात झालं. लेकीची गाडी धर्माबादकडं निघाली तेव्हा सगळे रडले, आत्या तेवढी हसत उभी होती. संध्याकाळी ती नेहमीसारखी दुकानात आली. दूध तापलं, कोमट झालं, विरजण लावायची वेळ झाली. ती पातेल्याशी वाकली आणि एकदम मागं सरली.

"आज तुम्हीच लावा," ती यजमानांना म्हणाली. "माझ्या डोळ्याचं पाणी थांबंना. दुधात पडंल."