मोटारीतली कुंई

मानसिंग हा सांगलीतला सगळ्यात शांत ड्रायव्हर, असं त्याचे मालक भूपालअण्णा चारचौघांत सांगायचे. मागून सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला तरी हा पठ्ठ्या कपाळाला आठी घालायचा नाही. आठी येणार कुठून? घंटी त्याला ऐकूच यायची नाही. लढाईत त्याने तोफा ओढणारी गाडी चालवली होती आणि तोफांनी त्याच्या कानांतले बारीक आवाज तेवढे कायमचे नेले होते. माणसांचं बोलणं, बैलगाडीचा खडखडाट, मोटारीचा भोंगा हे सगळं त्याला नीट ऐकू येई. घंटी, शिट्टी, चिमणी यांतलं काही नाही. ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, राहीबाईला, ठाऊक होती. ऐकू न येणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती मोटार कोण देणार? आणि मोटार गेली तर त्याला दुसरं काही येत नव्हतं. "डोळं उघडं ठेवा," ती रोज बजावायची, "आन् कानाचं कुणाला कळू देऊ नका."

भूपालअण्णांचा हळदीचा व्यापार. बाजारात रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा, अशी त्या वेळची रीत. तोंडातून शब्द न काढता मोठमोठे सौदे व्हायचे आणि रुमालाखालची गोष्ट कुणी बाहेर बोलायचं नाही. अण्णांची आणखी एक सवय होती, मला ती कधीच आवडली नाही. खडखडीत वाळलेल्या हळदीलाही "ओल दिसती रं" म्हणायचं आणि समोरच्याचा चेहरा बघत बसायचं.

सेहेचाळीस सालचा दसरा होऊन महिना झाला आणि दोघं पुण्याला निघाले. कऱ्हाड मागे पडलं तसे अण्णा मागच्या बाकावरून म्हणाले, "मानसिंग, ही कुंई कसली रं?"

मानसिंगने आरशातून मागे पाहिलं.

"कसली कुंई, अण्णा?"

"आता ही काय! ऐकू येत न्हाई व्हय तुला?"

"येतीय की," मानसिंग म्हणाला. "पर मागं बसून ती कशी लागती, ते मला कळाय पायजे. काढून दावा बरं."

जैनांच्या देवळात, बस्तीत, पूजेच्या वेळीसुद्धा अण्णांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "कुंईंई."

"आता वेग वाढवतो. कशी येतीय?"

"कुंईंईंईं," अण्णा वरच्या पट्टीत गेले.

साताऱ्यापर्यंत असंच चाललं. रस्त्याकडेची माणसं काम टाकून बघत राहिली. मोटारीत मागे एक पोक्त गृहस्थ हनुवटी वर करून केकाटतोय आणि ड्रायव्हर गंभीरपणे मान डोलावतोय. वेड्यांना पुण्याच्या इस्पितळाकडेच नेतात, असं एक म्हातारी म्हणाली म्हणे.

खंबाटकीच्या उतारावर मानसिंगने इंजिन बंद केलं. मोटार नुसतीच घरंगळत निघाली.

"आता?"

"आता न्हाई."

म्हणजे चाकं आणि मागच्या आसातले दाते बरे होते, दुखणं इंजिनाकडं होतं. घाटाखालच्या खंडाळ्यात मोटार उभी करून त्याने इंजिन चालू केलं, तेव्हा अण्णांनी परत कुंई काढली. पंख्याचा पट्टा उतरवून पुन्हा चालू केलं, अण्णा गप्प राहिले. मग मानसिंगने त्या पट्ट्यावर फिरणारा एकेक भाग हातानेच फिरवून पाहिला. पंखा गुळगुळीत फिरला, पाण्याचा पंप फिरला. दिव्यांची वीज करणारा डायनामो मात्र बोटांना खरखरला. कानांनी दगा दिला असला तरी बोटं शाबूत होती.

डायनामोत तेल घालायला एक बारीक भोक असतं. दर आठवड्याला तो तिथं न चुकता तेल घालायचा. भोकात त्याने बाभळीचा काटा घातला, तर आतून पिवळीजर्द गोळी निघाली. मानसिंग ओशाळला. खंडेनवमीला त्याने मोटारीची यथासांग पूजा केली होती आणि भक्तिभावाने तेलाच्या भोकालाही हळदीचं बोट लावलं होतं. पुढचं सगळं तेल वरच्या वर ओघळून गेलं.

अण्णांनी ती गोळी चिमटीत धरली, वास घेतला.

"राजापुरी हळद हाय," ते म्हणाले. "माल आपलाच."

भोक साफ झालं, तेल आत गेलं, पट्टा चढला. मोटार शिरवळच्या रस्त्याला लागली. मानसिंग आरशात अण्णांच्या तोंडाकडे बघत होता. तोंड मिटलेलं होतं. सुटलो एकदाचा, असं वाटून त्याने खांदे सैल सोडले.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "अजून बारीक येतीय रं."

"व्हय अण्णा," मानसिंग लगेच म्हणाला. "पर पयल्यापरास कमी हाय."

मोटारीत कसलाही आवाज नव्हता. अण्णांनी सवयीने वाळल्या हळदीला ओल म्हटलं होतं, इतकंच. ते बराच वेळ आरशातल्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पुढे बैलगाड्या लागल्या, मोटार रांगत चालली, तशात मागून एक सायकलवाला घंटी बडवत आला आणि अगदी चाटून पुढे गेला. मानसिंग दचकला.

"गाडी थांबव," अण्णा म्हणाले.

शिरवळच्या वेशीत मोटार उभी राहिली. मोटार थांबली की माणसं जमायचीच, तशी जमली. अण्णा मागून उतरले, पुढे आले आणि दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसले. शेटलोक ड्रायव्हरशेजारी बसत नसत. मानसिंगने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. आता किल्ली मागणार, राहीबाईला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"हात दे," अण्णा म्हणाले.

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. अण्णांना बाजारात सोडून मानसिंग कितीदा तरी बाजूला उभा राहिला होता. बोटं सोडून दिली तर सौदा मोडला आणि सबंध पंजा धरला तर पक्का झाला, हे त्याला माहीत होतं. अण्णांनी त्याचा पंजा धरला, चांगला घट्ट. मानसिंगचे डोळे भरून आले. मोठं कठीण झालं त्याला, एवढ्या माणसांत.

"काय भाव ठरला, शेट?" खिडकीपाशी उभ्या असलेल्या एकाने विचारलं.

"रुमालाखालचं सांगत न्हाईत," अण्णा म्हणाले. "चल रं."

मोटार गर्दीतून हळूहळू हलली. गाव संपता संपता अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर एक बोट दाबलं. मानसिंगने मोटार डाव्या कडेला घेतली आणि उजवीकडून एक सायकल पुढे निघून गेली.