गाळलेले ठोके

आमच्या मोठ्या जाऊबाई डॉल्फिनांचं बोलणं ऐकतात. चेष्टा नाही, नोकरीच आहे. खाडीत तीन ठिकाणी पाण्याखाली माईक सोडलेत. जाऊबाई संशोधन केंद्रातल्या खोलीत हेडफोन लावून ते ऐकत बसतात. प्रत्येक डॉल्फिनची आपली वेगळी शीळ असते, नावासारखी. अशा चाळीस शिळा त्यांना पाठ.

मामंजी म्हणायचे, "सून माशांचं ऐकते, सासऱ्याचं नाही!"

"ते मासे नव्हेत हो," जाऊबाई म्हणायच्या.

त्या दुपारी मी जाऊबाईंचा डबा घेऊन केंद्रात गेले, तर बाहेर दाट धुकं. त्यांची लेक नावाड्याबरोबर शिळा टिपायला होडीतून गेली होती आणि वायरलेस गप्प. फोनवर बंदरातले अधिकारी म्हणत होते, "ओहोटी लागलीय. इंजिन बंद पडलं असेल तर होडी खडकांवर जाईल. लाँच तयार आहे, पण धाडू कुठे?"

जाऊबाई पांढऱ्याफटक. "इंजिन नाही, काही नाही. नुसती एक डॉल्फिन पिलाला हाका मारतेय." मग म्हणाल्या, "तिचं पिलू ओ देतंय बघ. माझी का देत नाही गं?"

मी मनात देवाचं नाव घेत होते, तेही चुकत होतं. न राहवून विचारलं, "ताई, रेकॉर्डिंग सुरू करताना ती पान्याने होडीच्या बुडाला तीन ठोके मारते ना? ते ऐकू येतात का?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "ते मीच गाळते!"

शिळा स्वच्छ ऐकू याव्यात म्हणून इंजिन, ठोके, सगळे जाड आवाज गाळणारं एक बटण आहे. सकाळी बसल्या बसल्या त्या ते दाबतात. वीस वर्षांची सवय. आताही दाबलेलंच होतं.

त्यांनी ते सोडलं आणि एक हेडफोन माझ्या कानाला लावला. ठक, ठक, ठक. पहिल्या माईकवर पुसट, दुसऱ्यावर बरा, तिसऱ्यावर थेट कानठळ्या.

"तीन नंबर!" त्या फोनवर ओरडल्या. "खडकांच्याच बाजूला!"

लाँच निघाली. ठोके चालू होते तोवर जिवात जीव होता. मग ते थांबले. जाऊबाईंनी माझं मनगट असं आवळलं की चार दिवस वळ होते. त्यानंतर नुसती घरघर. कशाची, कळेना.

फोन वाजला. "दोघं वर घेतलीत, बाई. होडी गेली."

लेक दारात आली ती चिंब. "आई, पाऊण तास ठोकत होते गं!"

जाऊबाई टॉवेल शोधायला म्हणून उठल्या आणि तिथेच खाली बसल्या.

आता लेक पाण्यावर असली की त्या ते बटण दाबत नाहीत. नोंदी खराब होतात, साहेब कुरकुरतात.

"कुरकुरू देत," म्हणतात.