ताईची किडनी, माझं हृदय

माझ्या मोठ्या बहिणीने मला तिची एक किडनी दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "किडनी छान चाललीये. आता जपायचं ते हृदयाला. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, काहीच वाढू द्यायचं नाही."

त्याच आठवड्यात आम्ही दोघी चारकोपला मामाकडे जेवायला गेलो. मामीने हौसेने तळलेला खारा बांगडा माझ्या ताटात वाढला. मी तो उचलून परत भांड्यात ठेवला, तसा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "एक दिवस खाल्लास तर मरतेस काय गं? किती घाबरून जगशील?"

माझं डोकंच फिरलं. "घाबरले असते तर केव्हाच अंथरूण धरलं असतं, मामा. मला म्हातारी व्हायचंय. मीठ खाऊन हृदय बंद पाडायला नाही दिली ताईने किडनी."

मामीने माझ्यापुढे दहीभात ठेवला आणि मी तो चवीने खाल्ला.

निघताना मामा रिक्षा बघायला लागला. "नको, चालतच जाऊ, हृदयाला बरं," मी म्हटलं आणि बोरीवलीला, घराच्या दिशेने चालू लागले. ताई मागून धापा टाकत ओरडली, "अगं, हळू चाल ना!"