श्यामलाबाईंचा चौथा शनिवार

रोह्याच्या श्यामलाबाई तोंडाच्या फटकळ, हे अख्ख्या गावाला ठाऊक. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. धाटावच्या कारखान्यांत रात्रीची शिफ्ट करून आलेली पोरं वर्गात पेंगायची. बाई खडू नेम धरून मारायच्या आणि मधल्या सुट्टीत त्याच पोराला आपल्या डब्यातली पोळी खायला लावायच्या. रागावणं आणि जीव लावणं त्यांना कधी वेगवेगळं जमलंच नाही.

पण एक खंत होती. एवढ्या वर्षांत पोरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला: "बाई, हे परीक्षेला येणार का?" दुसरा नाही! शिकवलेलं कुणाच्या डोक्यात घुसलं, कुणी त्यावरून भांडलं, असं झालंच नाही. मग निवृत्ती आली, दोन वर्षांनी यजमान गेले, मुलगी ईरा बंगळूरला. घरात मिक्सर लावला की तेवढाच आवाज.

अशात पेणहून नूतनचा फोन आला. नूतन त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता लॉ कॉलेजात प्राध्यापक. "बाई, चार शनिवार याल का? न्यायाधीश, सरकारी वकील आणि आम्ही लॉ शिकवणारे, सगळ्यांना अर्थशास्त्र शिकवायचंय. रंगलं तर पुढं चालू ठेवू."

बाई हरखल्या. ज्यांच्या एका सहीनं गावाचं बरं-वाईट होतं, ती माणसं आपल्याला प्रश्न विचारणार! इस्त्रीच्या सुती साड्या निघाल्या, जुन्या वह्या निघाल्या.

आणि तीन शनिवार पार पाण्यात गेले हो. पहिल्या रांगेत न्यायाधीश समीक्षा मॅडम बसायच्या. चाळिशीच्या, शांत, नीटनेटक्या. बाईंनी काहीही विचारलं की सगळा वर्ग मॅडमच्या पाठीकडे बघायचा. मॅडम मत सांगायच्या, माना डोलायच्या, संपलं. मॅडम नुसत्या खोकल्या तरी मागचे दोन सरकारी वकील अर्धे उठायचे. बिचारे तरी काय करतील? सोमवारी त्यांच्याचपुढं उभं राहायचं. प्राध्यापकांनाही कशाला उगीच, असं वाटायचं. बाई परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसायच्या. आपल्यालाच शिकवता येत नाही बहुतेक, असं पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं.

चौथ्या, शेवटच्या शनिवारी त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. "नाव लिहायचं नाही. खाडीकाठचं गाव. उधाणाला बांध फुटतो, तेव्हा घरटी एक माणूस कुदळ घेऊन जातो, अशी रीत. आता पोरं कंपनीत जातात, येत नाहीत. बांध तसाच राहतो, खारं पाणी शेतात शिरतं. काय कराल?"

चिठ्ठ्या आल्या. बाईंनी तिसरी उघडली. 'गैरहजर घराला पाचशे रुपये दंड.' झालं, बाईंचं डोकं फिरलं.

"कोण हा दिवटा? अरे, कंपनीतला पोरगा हसत पाचशे टाकील आणि शिफ्टला जाईल! आज न येण्याची त्याला लाज तरी वाटते. उद्या हातात पावती असेल, मग लाज कसली? तू त्याला दंड नाही केलास, न येण्याची किंमत ठरवून दिलीस. आता पावत्यांनी बांध भर, गाढवा!"

नूतननं कपाळाला हात लावला. समीक्षा मॅडम सावकाश उभ्या राहिल्या.

"मी लिहिलंय, बाई."

बाई मनात म्हणाल्या, आपण तर गेलोच, वर नूतनलाही घेऊन बुडालो! पण मॅडम बसल्या नाहीत. चिठ्ठीकडे बघत त्या म्हणाल्या, "खरंच की. हे माझ्या लक्षातच आलं नाही. मग करायचं काय?"

एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न समोर होता. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "कुणाला माहीत असेल तर सांगा."

मागून सरकारी वकील प्रविण उठला. खाडीकाठच्या कासूकडचा, घरी भातशेती. "मॅडम, माफ करा, पण... तुमचं चुकलंच." शेजारच्यानं त्याचा कोट ओढला. तो थांबला नाही. "आमच्यात पैसं घेत नाय. जो आला नाय, त्यानं दुपारी भाकऱ्या घेऊन बांधावर यायचं आणि चिखलात उभ्या माणसांना आपल्या हातानं वाढायचं. कोन काय बोलत नाय, नुसतं खातात. पुढच्या वेळंला तो कुदळ घेऊन पहिला येतो."

"आणि घरात बाईमाणूस एकटीच असेल तर?" मॅडमनी विचारलं. "तिनं बांधावर नुसतं बसायचं. तिच्या घरचा माणूस आला, असंच धरतात," प्रविण म्हणाला. "हे कोर्टात टिकेल?" एक प्राध्यापक म्हणाले. "का नाही टिकणार?" दुसरे उसळले. मग जे भांडण जुंपलं म्हणता! मॅडमना मध्येच तोडून माणसं बोलत होती. बाई खुर्चीत बसून ऐकत राहिल्या. शिपायानं किल्ल्या वाजवल्या तेव्हा कुठं वर्ग सुटला.

बाहेर समीक्षा मॅडम बाईंपाशी थांबल्या. बाईंनी घाईनं हात जोडले. "माझी जीभच मेली अशी, रागावू नका हो."

"न्यायाधीश होऊन अकरा वर्षं झाली, बाई," मॅडम हळूच म्हणाल्या. "माझं चुकलं, असं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. आता घरीसुद्धा माझ्याशी जपून बोलतात."

बाईंनी जोडलेले हात सोडले आणि मॅडमच्या पाठीवर ठेवले.

"मग रोह्याला येत जा गो," त्या म्हणाल्या. "मी काढीन तुझ्या चुका. माझ्या काढायलाही आता घरात कुणी नाही."