भावोजींनी गाडीला तीट लावली

साऱ्या दिल्लीत, आणि मी नोएडा-गाझियाबाद धरून म्हणते, दुसऱ्यांच्या गाड्यांच्या काळजीनं झोप उडालेला माणूस एकच आहे, आणि त्याच्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नाही. हे म्हणजे आमच्या ह्यांचे ऑफिसातले मित्र. मी त्यांना भावोजी म्हणते. नोकरी होती तोवर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे, रिटायर झाल्यावर गाझियाबादला फ्लॅटमध्ये गेले. आयुष्यात त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. बसमध्ये चढले तरी ड्रायव्हरच्या मागची सीट घेत नाहीत, म्हणतात, "उगाच त्याला दडपण यायला नको." पण कुणाच्या गाडीची फिटनेस टेस्ट आहे असं नुसतं कानावर पडू दे, हा माणूस मेट्रो बदलत बदलत दारात हजर. बोलावलेलं असो नसो.

आता ही टेस्ट काय प्रकार आहे ते सांगते, कारण घरच्या गाडीवाल्यांना त्याची झळ नसते. भाड्याची, मालाची, धंद्याची गाडी जुनी झाली की तिला दर वर्षी केंद्रावर न्यायची. तिथं ब्रेक, दिवे, धूर सगळं मशीनवर बघतात. पास झाली तर कागद मिळतो, नाही मिळाला तर गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही. माझी व्हॅन धंद्याची. करोल बागेत मी जेवणाचे डबे करते. लातूर, धुळे, परभणी, कुठकुठून यूपीएससीच्या अभ्यासाला आलेली मुलंमुली आहेत, त्यांना दोन वेळचं घरचं अन्न. ही पांढरी सीएनजीची व्हॅन ह्यांनीच हौसेनं घेऊन दिलेली. हे गेले त्या वर्षी टेस्टची तारीख आली आणि मला काही म्हणजे काही सुधरेना. एजंटला फोन लावत होते तर भावोजी दारात. "एजंट कशाला वहिनी? मी काय मेलोय?" म्हणाले, आणि मग जीभ चावून गाडीचे कागद चाळत बसले बिचारे. तेव्हापासून दर वर्षी गाडी तेच नेतात. म्हणजे चालवतो आमचा ड्रायव्हर बलवंत. भावोजी नुसते नेतात.

टेस्टला गाडी नेणं म्हणजे त्यांच्या लेखी मुलगी दाखवायला नेणं. आदल्या दिवशी तिला ओझं द्यायचं नाही. "आज हलकं ठेवा तिला, उद्या चेहरा ताजा दिसला पाहिजे." मग बलवंत बडबडत रिक्षातून डबे पोचवणार आणि बाईसाहेब सावलीत उभ्या. शिवाय तिच्याशी बोलायचं ते अहो-जाहो करून. "आज जरा घाबरल्यासारख्या वाटताय," म्हणून बॉनेटवर हात ठेवतात. मलाही माहेरी असंच दाखवलं होतं, चार माणसांसमोर चालून दाखव म्हणाले होते, त्यामुळे खरं सांगते, मला त्या गाडीची जरा दयाच येते.

आणि रंगीत तालीम! ती तर आमच्या गल्लीचा वार्षिक कार्यक्रमच झालाय. भावोजी हातात पेन धरून, कपाळाला आठ्या घालून गाडीसमोर इन्स्पेक्टर होऊन उभे राहतात. "लेफ्ट!" ओरडले की बलवंतनं डावा दिवा द्यायचा. "ब्रेक!" म्हटलं की मागं पळत जाऊन लाल दिवा लागला का बघायचं, आणि पुन्हा पळत पुढं येऊन आठ्या घालायच्या. बाल्कन्यांतून लोक बघतात. एकदा मधेच भाजीवाल्याची हातगाडी आली तर त्या भरात तिचीही तपासणी केली. "भैया, तुम्हारा पीछे का लाल बत्ती किधर है?" तो बिचारा घाबरून दोन टोमॅटो जास्त घालून गेला. त्यांचं हिंदी असंच. इतकी वर्षं दिल्लीत काढली, पण बाईमाणूस, गडीमाणूस, गाडी, सगळ्यांना एकाच मापानं मोजतात.

केंद्र शोधणं हा तर स्वतंत्र अध्याय. ते सालाबादप्रमाणे एका जागी राहील तर शपथ. कधी उत्तरेच्या टोकाला सांगतात, कधी पार नजफगडच्या पलीकडे, जिथं दिल्ली संपून मोहरीची शेतं लागतात. फोनवरच्या नकाशावर भावोजींचा विश्वास नाही. "ती बाई कधी तिकडं गेलीय का?" म्हणतात. ते माणसांना विचारतात, पण त्यातही त्यांचं शास्त्र आहे. दिल्लीत ज्याला रस्ता माहीत नसतो तो जास्त ठासून सांगतो, म्हणून जो डोकं खाजवतो, अडखळतो, तोच खरा, असा त्यांचा सिद्धांत. एका वर्षी अशाच एका अडखळणाऱ्या म्हाताऱ्याचं ऐकून आम्ही जे निघालो ते निघालोच. शेतं गेली, वीटभट्ट्या गेल्या, एका वळणावर बलवंतनं गाडी थांबवली आणि म्हणाला, "अंकल, ये तो म्हारा गाम आ गया." खरंच त्याचं गाव! हरियाणात! त्याच्या आईनं आम्हाला बाजरीची रोटी आणि लोण्याचा गोळा वाढला. त्या दिवशी टेस्ट हुकली, पण भावोजी परतताना म्हणाले, "बघा वहिनी, नकाशानं लोणी मिळालं असतं का?"

बरोबर एक खाकी पिशवी असते. त्यात फडकी, जुने टूथब्रश, स्क्रू-ड्रायव्हर, गाडीला मागं लावतात त्या चमकणाऱ्या लाल-पांढऱ्या टेपची भेंडोळी, आणि का कोण जाणे, एक श्रीखंडाच्या गोळ्यांचा पुडा. टेस्टच्या रांगेत उभं राहिलं की हा माणूस स्वतःच्या गाडीपाशी, म्हणजे माझ्या गाडीपाशी, थांबतच नाही. ट्रकवाले, स्कूलबसवाले, टेम्पोवाले, सगळ्यांकडे फिरतो. कुणाची टेप उचकटलेली दिसली की आपल्याकडची कापून चिकटवतो, कुणाची नंबरप्लेट पुसतो. मी बांधून नेलेल्या पोळ्याही तिकडेच जातात.

तर आता दोन वर्षांमागची गोष्ट. रविवारी मुलांची प्रिलिम होती आणि टेस्ट आली होती शुक्रवारी. जुना कागद शनिवारी संपत होता. म्हणजे शुक्रवारी पास झाली तरच रविवारी पहाटे गाडी निघणार. परीक्षेची सेंटरं कुठं कुठं पडलेली, कुणी द्वारका, कुणी शाहदरा. मुलं अंधारात बाहेर पडतात. त्या दिवशी मी प्रत्येकाच्या डब्यात दहीसाखरेची वाटी घालते. घरून निघताना आई हातावर घालते ना, तेच, फक्त इथं आई नसते. एका खोलीत तर एक मुलगी होती, तिचा शेवटचा प्रयत्न होता. आठवडाभर तिचा डबा अर्धा तसाच परत येत होता. मला तिचाच घोर लागला होता. नापास झाली गाडी, तर पुढची तारीख आठवड्यानंतर.

शुक्रवारी सकाळी भावोजी नेहमीपेक्षा लवकर आले. गाडी इतकी घासली, इतकी घासली, की बलवंतसुद्धा म्हणाला, "आंटी, ये अपनी ही है?" भावोजी लांब जाऊन बघून आले, जवळ येऊन बघून आले, आणि मग एकदम गंभीर झाले. "वहिनी, घरचं काजळ आहे का?" मला वाटलं डोळ्यांत काही गेलं. मी डबी दिली, तुपावर धरलेलं चांगलं घरचं काजळ. त्यांनी करंगळीला घेतलं आणि गाडीच्या उजव्या दिव्याच्या काचेवर एक गोल टपोरी तीट लावली! बाळाच्या गालावर लावतो ना, तश्शी. "फार देखणी दिसतेय आज. रांगेत हजार डोळे असतात."

बरं, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही हो. उलट म्हटलं, बरं सुचलं.

ऊन मी म्हणत होतं. रांग पुढं सरकता सरकता काजळ पातळ होऊन ओघळायला लागलं. भावोजींनी ते फडक्यानं पुसलं. ज्या फडक्यानं सकाळपासून बिजागरीचं तेल पुसत होते, त्याच फडक्यानं. झालं! सगळ्या काचेवर काळपट तुपकट धुकं. आमची पाळी आली. ब्रेक पास, धूर पास. दिव्यासमोर उजेड मोजायचं मशीन आणून उभं केलं आणि त्यानं स्वच्छ नकार दिला. इन्स्पेक्टर म्हणजे तरुण पोरगा, माझ्या धाकट्याच्या वयाचा. वाकून काचेवर बोट फिरवलं, बोट काळं. "ये क्या है अंकल?"

"काजल है," भावोजी अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "नजर नहीं लगना चाहिए ना गाडी को."

तो हसायचं दाबत म्हणाला, "अंकल, यहां नजर ही तो लगवाने आए हो. मशीन की नजर. आपने उसी पे परदा डाल दिया." मग म्हणाला, "साफ करके दोबारा लाइन में लगो. पांच बजे तक हो गया तो ठीक."

मागं बघितलं तर रांग पार फाटकाबाहेर. भावोजी खाली बसले, तिथंच, सिमेंटच्या कठड्यावर. "वहिनी, माझ्यामुळं पोरं उपाशी जाणार परीक्षेला." मला राग यायला हवा होता, पण काय सांगू, त्या पांढऱ्या मिशा, करंगळीला काजळ... "उठा भावोजी," म्हटलं, "आधी पुसू तर."

पाणी ओतून पुसलं तर ते आणखीनच पसरलं. तेवढ्यात मागच्या ट्रकचा सरदार ड्रायव्हर केबिनमधून उतरला, हातात कपडे धुवायच्या पावडरीचा पुडा. "लो जी, ये मारो." दुसऱ्यानं कॅन उचलून पाणी ओतलं. स्कूलबसवाला अंगठ्यानं घासायला लागला, बलवंत टूथब्रशनं. काच लखलखीत झाली. आणि मग तो सरदार मागं वळून रांगेला ओरडला, "ओए, बाबाजी की गाडी आगे जाने दो! बच्चों का खाना है!" भावोजींनी सकाळपासून ज्यांच्या गाड्यांना टेप लावली होती, ज्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या होत्या, पोळ्या दिल्या होत्या, ते सगळे. एकानंही हॉर्न वाजवला नाही. एकेक ट्रक कुरकुरत मागं सरकला आणि आमची व्हॅन मधून निघाली. दिल्लीच्या रांगेत कुणी कुणाला पुढं सोडलेलं मी तोवर पाहिलेलं नव्हतं, आणि मी इथं निम्मं आयुष्य काढलंय.

पाचाच्या आत पास झाली. इन्स्पेक्टर म्हणाला, "अगली बार काजल घर पे, अंकल." भावोजी म्हणाले, "बिल्कुल," आणि त्याच्याही हातावर श्रीखंडाची गोळी ठेवली.

रविवारी पहाटे भावोजी पहिल्यांदाच डब्यांच्या फेरीला गाडीतून आले. प्रत्येक दारात दहीसाखरेची वाटी स्वतः दिली. त्या मुलीनं जिन्यातच उभं राहून दही हातावर घेतलं, खाल्लं, आणि वाकून त्यांच्या पाया पडली. तिला ते कुणाचे कोण हे माहीत नव्हतं. गाडीत येऊन बसले ते चष्माच पुसत बसले. तिचं पुढं काय झालं विचाराल, तर तेव्हा नाही झाली पास. आता परभणीत तिचा स्वतःचा क्लास आहे, दिवाळीला फोन येतो, डबा कुठल्या भाजीचा ते विचारते.

त्यानंतर वर्षभरात गाडीचं वय संपलं. दिल्लीत पंधरा वर्षांपुढं चालत नाही. मी नवी घेतली, बॅटरीवर चालणारी. भावोजी पेढे घेऊन बघायला आले, कौतुक केलं, मग हळूच म्हणाले, "हिला टेस्ट कधी?"

"नव्या गाडीला दोन वर्षं नसते म्हणे, भावोजी."

"अच्छा. दोन वर्षं." पेढ्याचा बॉक्स माझ्या हातात देऊन ते तसेच उभे राहिले. "मग आता काय काम माझं?"

मी म्हटलं, काम कशाला हवं, जेवायला या की. "येतो येतो," म्हणाले. दोन महिने आले नाहीत. हा माणूस नुसता जेवायला यायचा नाही, हे मला कळायला हवं होतं. त्यांच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली, मुलगा बंगलोरला. दिवस कसा जात असेल त्या फ्लॅटमध्ये?

मग मी एक दिवस फोन केला. म्हटलं, "भावोजी, नव्या गाडीच्या उजव्या बाजूनं काहीतरी आवाज येतोय. बलवंतला कळत नाहीये." दुपारच्या आत दारात हजर. पायऱ्यांवर पिशवी ठेवली, गाडीभोवती फेरी मारली, दाराला कान लावून कितीतरी वेळ डोळे मिटून उभे राहिले. गाडी बॅटरीची, नवी कोरी, बंद. ती काय बोलणार? बलवंत तोंड फिरवून हसत होता. मी डोळे वटारले.

आता दर पंधरा-वीस दिवसांनी मी आवाज येतोय म्हणून फोन करते. ते येतात, कान लावतात, माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघते.

"येतोय आवाज," ते म्हणतात. "जेवून पुन्हा एकदा ऐकतो."