चार राजे टाकणारे कंपाउंडर

"आमचं काही नाही, आपलं चालू द्या," असं म्हणून ते हातातली पानं पालथी करायचे आणि अशा अलगद हाताने खाली ठेवायचे, की जणू पानांची झोपमोड होईल. मग हात मांडीवर ठेवून, वाटीभर खीर मिळाल्यासारखा चेहरा करून बाकीच्यांचा खेळ बघत बसायचे. पत्ते खेळायला बसून न खेळण्यात एवढा आनंद मानणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर मला जरूर कळवा. मी तरी हा एकच पाहिला.

देवासला धाकट्या पातीच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. आमचं गाव एक आणि राजे दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग आपला टांगा कुणाच्या हद्दीत उभा आहे ते विचारतो. कंपाउंडरांच्या घरात हीच वाटणी उतरली होती. थोरले बंधू, म्हणजे दादा, थोरल्या पातीच्या फडणीशीत, आणि हे धाकटे धाकट्या पातीत. दादांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. यांचा आवाज खलबत्त्याच्या वर चढला नाही. थोरल्या पातीचा चपराशी जरी समोरून आला, तरी हे रस्त्याच्या कडेला सरकायचे.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो, बिनलग्नाचा होतो आणि मुख्य म्हणजे वात्रट होतो. महूच्या छावणीत एका सोडावॉटरवाल्या पारशाकडून मी पोकर नावाचा खेळ शिकून आलो आणि देवासची सुधारणा करायचं मनावर घेतलं. रविवारी दुपारी दवाखाना बंद झाला की कंपाउंडरांच्या घरच्या ओसरीवर आमची बैठक बसायची. मी, दादा, कंपाउंडर आणि समोरचे कापडवाले सेठ. पैशांनी खेळायला दादांची सक्त मनाई, म्हणून चिंचोके. ते कंपाउंडरांनी एका निळ्या बाटलीत भरून ठेवले होते. बाटलीवर चिठ्ठी तशीच होती: 'फक्त बाहेरून लावण्यासाठी.'

खेळ सोपा आहे हो. पाच पानं मिळतात. नकोत ती परत देऊन दुसरी घ्यायची. मग ज्याला आपल्या पानांचा भरवसा असेल त्याने चिंचोके लावायचे. दुसऱ्याने तेवढेच लावून 'दाखवा' म्हणायचं, नाहीतर आणखी वाढवायचे, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. गंमत अशी की हातात काही नसतानाही तुम्ही ऐटीत वाढवत गेलात आणि बाकीचे घाबरले, तर डाव तुमचा!

आमच्या कंपाउंडरांची गाडी पहिल्याच पायरीला अडली.

"मास्तर, ही दोन पानं मला नकोत. पण तुम्ही दिलेली. परत केली तर बरं दिसेल का?"

"अहो, खेळच तसा आहे!"

"नको. राहू देत. आली आहेत तर राहू देत बिचारी."

मग काही दिवस ते आपली पानं शेजारच्या सेठना दाखवायचे. सेठांची नजर अधू, त्यांना स्वतःची पानं नीट दिसत नसतील, निदान आपली तरी दिसावीत, ही काळजी. सेठ कपाळाला हात लावायचे. "अरे भिया, छुपाके रखो! तुम तो दुकान खोलके बैठ गए!"

पण खरी अडचण पुढेच होती. दादांनी चिंचोके वाढवले, की यांची पानं खाली. दर वेळी. एकदा दादांनी मूठभर चिंचोके पुढे सारले, यांनी "आमचं काही नाही" म्हणून पानं पालथी केली, आणि मला उठली खाज. मी ती उचलून पाहिली. चार राजे! एका गावात दोन राजे म्हणून आमची जगभर चर्चा, आणि या गृहस्थाने हातातले चार टाकून दिले होते.

"कंपाउंडर, हे काय?"

"दादा वाढवत होते ना," ते म्हणाले. "त्यांच्यावर कसं वाढवायचं?"

दादा मिशीत हसले आणि चिंचोके ओढून घेतले. त्यांच्याकडे दुर्रीसुद्धा जोडीने नव्हती.

मग मी शिकवणीच सुरू केली. तुम्ही म्हणाल, काय गरज होती? पण चार राजांचा अपमान माझ्याने बघवेना. दवाखान्यात पेशंट नसले की मी समोर बसायचो. "म्हणा, दाखवा."

"दाखवता का जरा?"

"तसं नाही. दाखवा!"

"सवड असेल तर दाखवावं."

आणि गंमत बघा, तेवढ्यात एखादा दांडगा जमादार खोकत आला, की हेच गृहस्थ खणखणीत म्हणायचे, "जीभ दाखवा!" जमादार निमूट जीभ काढायचा. मी म्हटलं, "अहो, तेच! फक्त जीभ सोडून द्या." ते इतके लाजले की मिक्श्चर मापात चुकलं आणि पुन्हा करावं लागलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी न शिकवता मिळवली. सतत पानं टाकणाऱ्याला बघायला वेळच वेळ असतो. एकदा बाटल्या पुसता पुसता ते सहज म्हणाले, "दादांच्या हातात खरंच काही असलं ना मास्तर, की ते गप्प होतात. काही नसलं की आवाज चढतो, आणि मग हात तपकिरीच्या डबीकडे जातो."

"मग सांगत का नाही? जिंकाल की!"

"छे. दादांना आवडतं जिंकायला."

कंपाउंडरांची एक मुलगी होती, यमू. तिची आई प्लेगात गेली होती. अकरा वर्षांची पोर, माझ्या शाळेतल्या मुलांच्या पुढची पुस्तकं वाचून बसलेली. पुण्याच्या मुलींच्या शाळेत तिला जागा मिळत होती, राहण्याची सोय होती, आणि यमूने पेटीसुद्धा भरून ठेवली होती. पण घरात दादा कर्ते. त्यांनी धारचं स्थळ पाहिलं होतं. घरची शेती, वाजतं गाजतं घराणं, फक्त नवरदेव बिजवर आणि वयाने माझ्याहून मोठे.

त्या रविवारी सकाळीच मला बोलावणं आलं. ओसरीवर धारहून आलेले मध्यस्थ बसले होते. पुढे ताटात नारळ. यमू आतल्या दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या किणकिणत नव्हत्या म्हणून कळलं की ती श्वास धरून आहे.

"या मास्तर," दादा म्हणाले. "तुम्हीच ना पुण्याचं खूळ भरवलंत? ऐका आता तुमच्यासमोर. धारला होकार जाणार. आणि पोरीला पुण्याला धाडलं, तर मी आजच्या आज हे घर सोडून काशीला जातो! या घरचं पाणी पिणार नाही!"

गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली गायसुद्धा वळून बघायला लागली असेल. सगळे कंपाउंडरांकडे बघत होते. त्यांनी हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली. मला पुढचे शब्द ऐकूच आले. "आमचं काही..."

ते थांबले. दादांचा हात तपकिरीच्या डबीकडे गेला होता.

कंपाउंडर त्या डबीकडे बघत राहिले. मग उठले. आत गेले आणि माळ्यावरची दादांची पत्र्याची पेटी काढून ओसरीवर आणून ठेवली. धूळ आपल्या उपरण्याने पुसली.

"दादा," ते म्हणाले, "दाखवा."

"काय दाखवा?"

"काशीला नेण्याचे कपडे. मी भरून देतो. पोर मात्र पुण्याला जाईल."

दादा गप्प झाले.

आता हे तुम्हाला कळलं ना? दादा गप्प झाले, म्हणजे हातात पानं आहेत! कंपाउंडरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. पण ते उभे राहिले. पेटीची कडी धरून उभे राहिले. तुम्हाला सांगतो, महूच्या छावणीतल्या एकाही गोऱ्याचं मी असं धाडस पाहिलं नाही.

दादांनी चिमूटभर तपकीर ओढली. दणकून शिंकले. डोळे पुसले, पंच्याने नाक पुसलं, आणि आढ्याकडे बघत म्हणाले, "काशीला या दिवसांत उकाडा फार असतो."

कुणी हसलं नाही. मी ओठ चावले.

"आणि पोर एकटी जाणार नाही," दादा पुन्हा गरजले. "पोचवायला मी जाईन. ही पेटी तिकडे उपयोगी पडेल. भर!"

दाराआड बांगड्या वाजल्या. मध्यस्थ नारळ घेऊन, चहा पिऊन धारच्या वाटेला लागले.

संध्याकाळी कंपाउंडर मला म्हणाले, "मास्तर, माझ्या हातात काही नव्हतं हो. दादा खरंच निघाले असते, तर मी पाय धरले असते." आणि पुढच्या रविवारी? दादांनी चिंचोके वाढवले, यांनी पानं पालथी केली. "आमचं काही नाही, आपलं चालू द्या." मी चिडलो. ते म्हणाले, "खेळात काय ठेवलंय मास्तर!"

इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते गेले. शेवटपर्यंत लोकांच्या जिभा बघत होते. ओसरीवरची बैठक त्यानंतर बसली नाही.

परवा यमू आली. धारला मुलींच्या शाळेची मुख्य म्हणून रुजू व्हायला निघाली होती, त्याच धारला. वाटेत काकांना भेटायला थांबली. दादा आता वाकलेत, डॉक्टरांनी तपकीर बंद केली आहे. फळीवर ती निळी बाटली दिसली तशी ती म्हणाली, "काका, मास्तर, एक डाव?"

आम्ही बसलो. भिंतीकडची कंपाउंडरांची जागा कुणीच घेतली नाही. माझी पानं पहिल्याच फेरीत गेली. दादांनी चिंचोके वाढवले. यमूने वाढवले. दादांनी पुन्हा वाढवले. आवाज चढला नाही, डबी नव्हतीच, त्यामुळे हातात काय आहे हे कुणालाच कळायला मार्ग नव्हता. यमूने उरलेले सगळे चिंचोके पुढे सारले.

"काका, दाखवा."

दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडच्या जागेकडे पाहिलं. जन्मात कधी पानं न टाकणाऱ्या त्या माणसाने हातातली पानं पालथी केली आणि अलगद खाली ठेवली.

"आमचं काही नाही," ते म्हणाले. "आपलं चालू द्या."

माझा हात सवयीने त्या पानांकडे गेला. दादांनी त्यावर फाटकन चापट मारली, आणि यमू पदर पसरून चिंचोके गोळा करू लागली.