विसरोबाचा रिकामा रकाना

लाँड्रीत एक अफवा होती. इतक्या वर्षांच्या धुलाईतही तिचा डाग गेला नव्हता. अफवा अशी की वायरताई प्रिंटरच्या कानात मंत्र म्हणतात.

इस्त्रीवाला शपथेवर सांगायचा, "या डोळ्यांनी बघितलंय. कान लावतात, ओठ हलवतात, मग एक टिचकी. लागलंच यंत्र कामाला!" ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी पुढे देणं बॉयलरवाल्याला कधीच जमलं नाही. मंत्र सात अक्षरांचा आहे आणि शनिवारी दुपारनंतर लागू पडत नाही, ही भर त्याची. शनिवारी लाँड्री अर्धा दिवस असायची, एवढंच त्यामागचं गूढ.

खरी गोष्ट अशी की वायरताई मंत्र म्हणत नव्हत्या, आकडे मोजत होत्या. आणि ते मोजणं कशासाठी, हे कळायला आधी तो प्रिंटर कळायला हवा.

दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहाच्या उशांचे अभ्रे लाँड्रीत एकाच पाण्यात घुसळून निघायचे. कोणतं कोणाचं हे कळावं म्हणून प्रत्येक कापडावर बोटाच्या पेराएवढी कापडी पट्टी, म्हणजे टॅग. ती छापायचा हा प्रिंटर. यंत्र दणकट. पन्नास धुलाया झाल्या तरी अक्षर हलायचं नाही. खोड एकच, त्याला स्वतःचं काही आठवत नसे. रोज सकाळी बटण दाबलं की कोऱ्या पाटीसारखा उठायचा आणि वायरीतून हाक मारायचा, "मी कोण? माझा पत्ता काय? आणि मी काम काय करतो?" कपाटातला सर्व्हर ती हाक ऐकून त्याला पत्ता द्यायचा, मग काम शिकवणारी फाइल पाठवायचा, तेव्हा कुठे स्वारी भानावर यायची. म्हणून त्याचं नाव विसरोबा.

हाक मारताना विसरोबाच्या पोटात 'टक' व्हायचं. पहिलं टक, मग चार सेकंद गप्प. दुसरं टक, मग आठ. तिसरं टक, मग सोळा. तिन्ही हाका फुकट गेल्या की एक लांब 'फुस्स', आणि नारिंगी दिवा लावून रुसवा. कितवी हाक चाललीय ते कळावं म्हणून वायरताई कान लावून मोजत. आणि टिचकी? ती झाकणावर साचलेला कापडाचा भुगा उडवायला. लाँड्रीत तो माणसांच्या भुवयांवरही साचतो.

वायरताई मुळात चादरींच्या घड्या घालायला लागलेल्या. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे लांबून बघत होते आणि ह्या जवळ जाऊन मागच्या वायरी बघत होत्या. तेव्हापासून हे नाव, आणि लाँड्रीतल्या यंत्रांची देखभालही त्यांच्याकडे. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल, गळ्यात साखळीचा चष्मा, आणि कोणी काही सांगायला लागलं की "थांबा थांबा थांबा" असं तीन वेळा. एकदा म्हणून त्यांचं कधी भागलं नाही.

आता गोष्टीतलं दुसरं माणूस. टॅगवाल्या काकू सोळा वर्षं विसरोबापाशी बसत होत्या. घर दहा मिनिटांच्या अंतरावर, त्या पायीच यायच्या. सोळा वर्षांत या दोघींपैकी कोणीही स्वतःचा डबा पुरता स्वतः खाल्ला नव्हता. झाकण उघडलं की अर्धा डबा समोर सरकायचा, आणि समोरचा अर्धा इकडे.

यात मिठाचा खडा पडला तो अंगणापलीकडे नवी इमारत उभी राहिली तेव्हा. टॅगचं खातं तिकडे गेलं. विसरोबाला हातगाडीवरून, अंगावर चादर पांघरून, नवरदेवासारखं नेलं आणि खिडकीशी बसवलं. बुधवारी बटण दाबलं. टक. टक. टक. फुस्स.

गुरुवारीही फुस्स.

मॅनेजरसाहेब येऊन उभे राहिले. साहेबांना गोष्टीचा शेवट आधी लागायचा. समोरच्याने तोंड उघडलं की हे विचारायचे, "तात्पर्य काय?" या वेळी तात्पर्य त्यांनीच आणलं होतं. "शुक्रवारी दुपारी एकपर्यंत चालला तर चालला. नाहीतर भंगार. टॅग दुसऱ्या शाखेत छापून घेऊ. काकू तिकडे बसतील."

दुसरी शाखा गावाच्या पार त्या टोकाला. दोन बस, दीड तास, तेही बस मिळाली तर. काकूंनी दुपारी डबा उघडून अर्ध्याहून जास्त वायरताईंकडे सरकवला. ते वायरताईंना फार लागलं.

शुक्रवारी सकाळी घरी चहाच्या वेळी वायरताई बिस्किट बुडवून तशाच बसल्या. बिस्किट कपात पडलं.

"पडलं," भाऊ म्हणाला.

"पडलं नाही. मीच सोडलं," वायरताई म्हणाल्या.

सगळे हसले. कारण वायरताईंच्या तोंडून "माझं चुकलं" हे घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. भाजी खारट झाली की "मीठ बरोबर आहे, घास मोठा घेतलास." उतरायचा स्टॉप निघून गेला की "मी झोपले नव्हते, बस लवकर पोचली." घरातली शहाणी भाची नेहमीप्रमाणे त्यांचाच आवाज काढून म्हणाली, "थांबा थांबा थांबा! आत्या, पैज. आज दिवसभरात तू कोणापुढे 'माझं चुकलं' म्हणालीस, तर महिनाभर माझ्या तोंडून तुझी नक्कल निघणार नाही."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर पाहुण्यांसमोरही करणार."

"मंजूर," वायरताई म्हणाल्या आणि कपातलं बिस्किट चमच्याने खाऊन कामावर गेल्या.

नव्या इमारतीतल्या वायरींचं काम बाहेरच्या माणसाकडे होतं. लाँड्रीत सगळे त्याला जाळेवाला म्हणायचे. वागायला सज्जन, पण कशाचंही उत्तर एकच. ते नाकातून निघायचं आणि भुवयांत संपायचं. "माझ्याकडून ओक्केय."

"तुमच्याकडून ओके, माझ्याकडून ओके," वायरताई म्हणाल्या, "मग हा काय आपल्या दोघांवर रुसलाय?"

त्यांनी लॅपटॉप उघडला. त्यात वायरीतलं बोलणं ऐकायचा एक प्रोग्राम होता. विसरोबाचं बटण दाबलं. पडद्यावर त्याची हाक स्पष्ट दिसली. मग लॅपटॉप काखेत मारून त्या अंगण ओलांडून जुन्या इमारतीत गेल्या, सर्व्हरपाशी बसल्या, आणि फोनवर काकूंना म्हणाल्या, "दाबा."

"दाबलं. टक झालं गं."

इकडे पडदा कोरा.

"दुसरं टक. ताई, तिसरं. फुस्सही झालं."

इकडे पडदा तसाच कोरा.

परत येऊन त्यांनी काकूंना समजावलं. "हाक निघते, पोचत नाही. आधी हा आणि सर्व्हर एकाच घरात होते. आता घरं दोन झाली आणि मध्ये राउटर बसलाय, फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखा. नावापत्त्याचं पाकीट असेल तर तो पलीकडे देतो. नुसती आरोळी ठोकली तर म्हणतो, तुमच्या अंगणात ओरडा."

"बरोबरच आहे त्याचं," काकू म्हणाल्या. "आमच्या वरच्या मजल्यावर ठेवायला हवा असा एक."

"पण आपल्या विसरोबाला सर्व्हरचं नावच माहीत नाही. तो आरोळीच ठोकणार. तेव्हा फाटकावर एक निरोप्या पाहिजे. आरोळी ऐकायची, तिचं सर्व्हरच्या नावाचं पाकीट करायचं, पलीकडे द्यायचं, आणि उत्तर आणून द्यायचं."

"रिले म्हणताय का, मॅडम?" जाळेवाल्याने विचारलं.

"रिले म्हणा, निरोप्या म्हणा, मामा म्हणा. पण लावा."

इमारतीतल्या बाकीच्या यंत्रांना ठरलेले पत्ते आधीच दिलेले होते. आरोळी ठोकणारा एकटा विसरोबा, म्हणून निरोप्या लावायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जाळेवाल्याने एक ओळ लिहिली. साडेअकरा झाले होते.

काकूंनी बटण दाबलं. वायरताईंनी कान लावला, ओठ हलवले. टक. एक, दोन, आणि तीन म्हणायच्या आत हिरवा दिवा लुकलुकला. मागे जमलेल्या इस्त्रीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. "मंत्र! मंत्र!" बॉयलरवाला म्हणाला, "सात अक्षरं. मी मोजली."

मग हिरवा दिवा विझला. नारिंगी लागला. फुस्स.

टाळ्या हवेतल्या हवेत थांबल्या.

"तुमचा निरोप्या अर्धवट आहे," वायरताई म्हणाल्या.

"मॅडम, माझ्याकडून..."

"म्हणू नका!"

त्यांनी पुन्हा लॅपटॉप लावला. पत्ता तर मिळाला होता. काम शिकवणारी फाइल कोणाकडे मागायची हेही सांगितलेलं होतं. आणि विसरोबा काय करत होता? स्वतःच्याच इमारतीत विचारत बसला होता, "सर्व्हर इथे कोणी आहे का? अहो, सर्व्हर इथे कोणी आहे का?" एकदा, दोनदा, दहादा.

"आता नाव माहीत झालंय, तर पाकीट करून फाटकावर का देत नाही हा?" वायरताई स्वतःशीच म्हणाल्या. "फाटक कुठे आहे ते माहीत नसल्यासारखा..."

तिथे त्या थांबल्या. आणि या वेळी "थांबा" म्हणाल्या नाहीत.

फाटकाचा पत्ता विसरोबाला कोण सांगणार? ज्याने बाकीचं सांगितलं तोच, सर्व्हर. सर्व्हर कुठून सांगणार? त्याच्यातल्या यादीवरून. आणि यादी कोणी लिहिली?

अंगण ओलांडताना पहिल्यांदा त्यांचे पाय सावकाश पडले. कपाटापाशी बसून यादी उघडली. विसरोबाची ओळ होती. नाव, यंत्राचा नंबर, पत्ता, फाइल. पाचवा रकाना फाटकाच्या पत्त्याचा, रिकामा. शेजारी अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहून ठेवलेले दोन शब्द, "लागत नाही."

तेव्हा खरंच लागत नव्हता. घर एकच होतं, फाटक कशाला? पण बुधवारी नवा पत्ता त्यांनीच याच ओळीत घातला होता, याच बोटांनी, आणि सवयीने पाचव्या रकान्यावरून उडी मारून पुढे गेल्या होत्या.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी रकाना भरला. "लागत नाही" पुसलं. मग यादी बंद केली आणि थोडा वेळ तशाच बसल्या. ही गोष्ट आता फक्त त्यांना आणि कपाटाला माहीत होती, आणि कपाट कोणाजवळ बोलणारं नव्हतं.

बारा चाळीसला काकूंनी बटण दाबलं. टक. हिरवा. मग एक लांब, समाधानी घरघर, आणि पहिली पट्टी बाहेर आली. काकूंनी ती फाडून चष्म्याजवळ नेली. "दवाखाना, वॉर्ड तीन," त्यांनी मोठ्याने वाचलं, जणू कोणाचं पत्र आलं होतं.

तेवढ्यात साहेब आले. हातात भंगाराचा फॉर्म.

"चालला? छान. पण आज चालला, उद्या? दोन दिवस काम बंद होतं, मला वर कारण लिहायचंय. यंत्र जुनं, भरवशाचं नाही, हेच ना? म्हणजे या महिन्यात नाही, तर पुढच्या महिन्यात..." त्यांनी पेन काढलं.

जाळेवाल्याने भुवया तयार ठेवल्या. काकूंनी पट्टी मुठीत धरली.

वायरताईंनी तोंड उघडलं. मिटलं. चार सेकंद गेले. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. आठ गेले. काकूंनी नंतर शपथेवर सांगितलं, की त्या वेळी ताईच्या पोटात टक वाजलेलं त्यांना ऐकू आलं.

तिसऱ्या खेपेला आवाज आला. "साहेब, कारण ते नाही. अकरा वर्षांपूर्वी यादीतला एक रकाना मी रिकामा ठेवला. बुधवारी पत्ता बदलताना पुन्हा तोच विसरले. निरोप्या नव्हता हे खरं, पण तो लावल्यावरही अडलं ते माझ्यामुळे."

"तात्पर्य काय?"

"तात्पर्य, यंत्र ठणठणीत आहे. माझं चुकलं."

साहेबांनी फॉर्म उलटा केला आणि मागे लिहिलं, "यंत्रात दोष नाही. नोंद दुरुस्त केली." मग पेनला टोपण लावत म्हणाले, "बाकीच्या यंत्रांचेही रकाने एकदा बघून घ्या, ताई."

"माझ्याकडून तर आधीपासूनच..." जाळेवाला सुरू झाला, आणि वायरताईंचा चेहरा बघून हसत म्हणाला, "जाऊ द्या. मलाही निरोप्या सुचायला हवा होता."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," काकू वायरताईंना म्हणाल्या. "दोन दिवस अंगणात वाऱ्या करत होतीस गं!"

"व्यायाम झाला," वायरताई म्हणाल्या.

आणि एकाच्या ठोक्याला दोन डबे उघडले. बरोब्बर अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

संध्याकाळी वायरताई घरी आल्या त्या एकट्या नाही, काकूंना साक्षीदार घेऊन. काकूंनी चहाचा कप हातात धरून सगळं सांगितलं, टक, फुस्स आणि चार-आठ सेकंदांसकट. आत्या शेजारी बसून बिस्किट बुडवत होती. या वेळी तिने ते वेळेवर काढलं आणि भाचीकडे बघितलं.

ती भाची म्हणजे मी. पैज हरले. महिनाभर माझ्या तोंडून आत्याची नक्कल निघणार नाही, शब्द म्हणजे शब्द. हाताने लिहायची नाही, असं मात्र कोणी म्हणालं नव्हतं. तो रकाना आत्यानेच रिकामा ठेवला.